शिंगांचा रंग आणि लग्नाचा फोटो

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं आणि इकडे मला घाम फुटला. आता तिला सगळं स्वच्छ दिसणार होतं ना! कोल्हारच्या आमच्या घरात पुढच्या भिंतीवर आई-आबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आहे, सोनेरी नक्षीच्या लाकडी फ्रेममधला. आई रोज पदरानं ती फ्रेम पुसायची. पुसून पुसून कोपऱ्यांचं सोनं निघून खालचा पांढरा थर वर आला होता. डोळे अधू झाल्यामुळे तिला पत्ताच नव्हता. ऑपरेशननंतर ती राहात्याला माझ्या बहिणीकडे राहिली होती आणि आज दुपारी घरी येणार होती. आल्या आल्या ती आधी काय बघणार, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

सोनेरी रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन मी सावेडीहून सकाळीच येऊन धडकले. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले होते, म्हणजे मी कारागीरच झाले होते म्हणा ना! फ्रेम उतरवून दारातल्या उजेडात धरली आणि किंचाळलेच. खालचे दोन कोपरे पिवळेजर्द, वर चिकट!

"आबा, हे काय फासलंय?"

आबा नजर चुकवत म्हणाले, "पोळ्याचा शिंगांचा रंग उरला हुता."

"बैलांचा रंग? आईच्या फोटोला?"

"तिला कुटं दिसत हुतं तवा! घाईघाईत लावला. ती चुलीपाशी हुती."

अस्सा राग आला मला! चिंधीला थिनर लावून तो रंग पुसला आणि ऐटीत माझा महागडा रंग लावला. तोही तसलाच भडक! जुनं सोनं कसं खोल, उबदार, आणि माझं ठिगळ पितळेच्या भांड्यासारखं. बारा वाजून गेले होते. मला रडूच यायला लागलं.

"तुझंबी माझ्यावानीच झालं की," आबा म्हणाले. वर हसायला लागले! मग त्यांनी कोनाड्यातून गेरू आणला. "अगं, शिंगाला आदी तांबडा हात देत्यात, मंग सोनेरी. नुसत्या पांढऱ्यावर सोनं खुलत न्हाई. मी तवा घाई केली, दुसरं काय!"

मी माझं ठिगळ पुसलं, आबांनी डिंकाच्या पाण्यात गेरू कालवून कोपऱ्यांना लावला आणि उन्हात वाळवला. मग मी बोटावर अगदी नखाएवढा सोनेरी रंग घेतला, टेकवला, लगेच पुसला. अहाहा! तांबड्यातून सोनं असं काही वर आलं की मी उडीच मारली. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं, मलाही सापडेना. "आबा, जमलं! जमलं!" आबा तर आणखी कुठं सोनं उडालंय का ते शोधत बसले.

फ्रेम खिळ्याला अडकवतोय तोवर आई आलीच. काळा चष्मा काढून ती भिंतीपाशी गेली, अगदी जवळ. कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"हाय तशीच हाय की फ्रेम," ती म्हणाली.

मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं! मग ती वळली आणि कितीतरी वेळ आबांकडे नुसती बघत राहिली.

"अवं, तुमीच लई म्हातारं झालात!"

आबांनी गेरूनं माखलेला हात पुढे केला. आईनं तो पदरानं हळूहळू पुसायला घेतला.