डाव्या पिळाची कळी

माझी आजवरची प्रत्येक लबाडी पकडली गेली आहे. शाळेत कॉपीची चिठ्ठी मी पेपरसोबतच जोडून सरांच्या हातात दिली होती, यावरून माझ्या वकुबाचा अंदाज यावा. पण मढ गावाच्या वर, डोंगरातल्या देवीच्या गाभाऱ्यात केलेली लबाडी जशी पकडली गेली तशी दुसरी कुठलीच नाही. ती गोष्ट मी हसत हसत सांगतो, मात्र चार माणसांत बसलेलो असलो तरच.

मी नारायणगावात राहतो आणि शुभेच्छांची कार्डं करतो. जाड हातकागदाची घडी आणि तिच्यावर कागदाचीच फुलं. ऑर्डरी मोबाइलवर येतात. ही कला मी माझ्या चुलतीकडून शिकलो. मढच्या वरच्या वाडीत राहणारी ही चुलती तरुणपणी लग्नाची बाशिंगं करायची. बाशिंगावरच्या पांढऱ्या कळ्या तिच्या हातच्या आहेत हे लांबून ओळखू यायचं, कारण ती डावखुरी. सगळे कळीला उजवा पीळ देतात, तिचा डावा. तिच्या शेजारी बसून शिकल्यामुळे मी उजव्या हाताचा असूनही माझाही पीळ डावाच पडतो. त्यासाठी मी फार बोलणी खाल्ली आहेत.

गेल्या श्रावणात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका डोळ्याने फक्त उजेड कळायचा, दुसऱ्याने माणसाची सावली. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी थांबलात तर नजर परत येईलच असं नाही. चुलती मात्र घाबरलेली. तिने एकच धरून ठेवलं होतं.

"देवीचा कौल मिळाल्याबिगर मी डोळ्याला सुरी लावून घेणार न्हाई."

कौल म्हणजे असा: गुरव देवीच्या दोन खांद्यांवर तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या घरातली लग्नं, विहिरी, म्हशी, सगळं या कळ्यांवर ठरलेलं. डावी पडली असती तर चुलती उरलेलं आयुष्य भिंत चाचपत काढणार होती.

तिच्यासाठी 'लवकर बऱ्या व्हा' असं कार्ड मी आधीच करून ठेवलं होतं. जिला दिसत नाही तिला कार्ड देणारा मी पहिलाच असेन. पट्टी सुटल्यावर तिला पहिली वस्तू दिसावी ती माझी कलाकुसर, हा माझा मोठेपणा. त्या कार्डावर तगरीच्या कागदी कळ्या होत्या. त्यातली एक मी सोडवली, तिच्या पोटात काचेचा मणी घातला, पीळ आवळला आणि पांढऱ्या दोऱ्याने तोंड गच्च बांधून टाकलं. मण्याच्या वजनाने कळी पडणार, तीही उजवी, आणि देवी हो म्हणणार. देवीला थोडी मदत, एवढाच माझा हेतू होता.

सकाळी दहाला आम्ही देवळात पोचलो तरी धुकं इतकं की दीपमाळ दिसत नव्हती. धुकं आमच्या आधी आत जाऊन बसलं होतं. गाभाऱ्यात समईचा उजेड पिवळा न दिसता राखाडी दिसत होता. फुलांची ताटली मी मुद्दाम माझ्या हातात ठेवली होती, म्हणजे उजव्या खांद्यासाठी माझीच कळी पुढे करता येईल.

गुरव म्हातारा, त्याचीही नजर चुलतीसारखीच अधू होत चाललेली. म्हणाला, "पावणं, कळ्या द्या. ओल्या आहेत ना?"

"आत्ताच खुडल्यात," मी म्हणालो.

त्याने कळ्या पाण्यात बुडवल्या. उजवीकडे माझी चिकटवली, डावीकडे खरी. गाऱ्हाणं घातलं. चुलती हात जोडून उभी. छतातून थेंब गळत होते, तेवढाच आवाज.

कळी पडेना. मणी कमी पडला असावा असं वाटून मी मनात स्वतःला शिव्या घातल्या. आणि मग कळी हलली. पडायला नाही. तिचा पीळ सुटू लागला. आधी एक पाकळी सावकाश वळून बाहेर आली आणि देवीच्या खांद्यावर टेकली. मग दुसरी. तिसरीला जरा वेळ लागला, जणू ती विचार करत होती. गुरवाचं तोंड उघडंच राहिलं. मी मागे सरकलो तर पाठ ओल्या दगडाला लागली.

"पडली का?" चुलतीने विचारलं.

गुरवाने समई उचलून जवळ धरली.

"आरं, बोला की. कोन्ती पडली?"

गुरव म्हणाला, "पडली न्हाई, काकी. उमलली."

"म्हंजी?"

"कळीचं फूल झालं. बाप गुरव, आजा गुरव, पर कुनी असं सांगितलं नव्हतं." मग तो देवीला हात जोडून म्हणाला, "डोळा उघडून घे म्हनती. दुसरं काय."

त्याने ते फूल उचलून प्रसाद म्हणून चुलतीच्या तळहातावर ठेवलं. तिने बोटं फिरवली. एकदा, मग उलटी पुन्हा एकदा. मूठ मिटली आणि म्हणाली, "चल, गाडी काढ."

घाट उतरताना ती मूठ मिटूनच बसली होती. मी बडबड करत होतो. कागद पाणी पितो, फुगतो, मोकळा होतो, हे मी मनात स्वतःलाच समजावत होतो. पण तोंड मी दोऱ्याने बांधलं होतं. तो दोरा कुठे गेला? आणि समजा डोळा बिघडला, तर तिला तिथवर नेलं कोणी, देवीने की माझ्या लबाडीने? एका डोळ्याचं ऑपरेशन चालू असताना मी दवाखान्याच्या बाकावर बसून इतका घामाघूम झालो की शेजारच्या बाईने मला पेशंट समजून पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. चुलतीने आधी स्वतःचे हात पाहिले, मग मला.

"लई म्हातारा झालास की," ती म्हणाली.

मी घाईघाईने कार्ड पुढे केलं. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, मग लांब. कळी सोडवलेल्या जागी बोट ठेवून म्हणाली, "हितली एक कुठाय?"

तिने कमरेचा बटवा उघडला आणि ते फूल कार्डावर ठेवलं. पाकळ्या सुकून ताठ झालेल्या, एकीला शेंदूर लागलेला. देठाशी काचेचा मणी. खाली माझा दोरा. त्याची गाठ तशीच होती, वेटोळं न सुटता.

"डावा पीळ," ती म्हणाली. "हातात आली तवाच कळलं मला."

"मग तू दवाखान्यात आलीस कशाला काकी? सगळं माझं नाटक होतं."

"कळी तुजी व्हती," ती म्हणाली. "उमल म्हून तू सांगितलं व्हतंस का?"

घरी आल्यावर मी तोच कागद, तसाच मणी, तसाच दोरा घेऊन ओल्या पाट्यावर कळ्या चिकटवून पाहिल्या. कितीतरी. काही पडल्या, काहींचा लगदा झाला. एकही उमलली नाही. हे मी चुलतीला अजून सांगितलेलं नाही. ती हल्ली कार्डांच्या कळ्या करायला मला मदत करते आणि माझा पीळ सैल पडला की हातावर मारते.