भिकुबाईच्या खरादीची मोटर

सोनगीरहून धुळ्यात येऊन राहिलेला सुकदेव कातारी पलंगाचे पाय आणि पाळण्याचे दांडे करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच लाकूड कातायची त्याची खराद होती. तो पटाशी धरून बसायचा आणि त्याची बायको भिकुबाई खरादीला गुंडाळलेला चामड्याचा पट्टा पुढे-मागे ओढायची. तेव्हा कुठे लाकूड फिरायचं. लग्न झाल्यापासून हेच तिचं काम. पुढे तिचा उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला शेजारणीला बोलवावं लागे.

१९५६ साली सुकदेवने बंद पडलेल्या एका कारखान्यातली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली. घरात वीज होती, पण एका दिव्यापुरती. त्याने बल्ब काढला, होल्डरमधूनच दोन तारांची साधी वायर घेतली आणि मोटर जोडली. खराद फिरली. फ्यूज मात्र सारखा उडायचा, म्हणून त्याने त्यात जाड तार घातली.

एका सकाळी सडा टाकून भिकुबाई ओल्या पायांनी आत आली. चालू मोटरीवरचा भुसा झटकायला तिने हात लावला आणि ती मागे फेकली गेली. सुकदेवने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"काय जयं?" तो विचारत होता. तिने मोटरीकडे बोट दाखवलं.

जेवताना तो म्हणाला, "मोटर भंगारमा दी टाकसू. आपला पट्टाच बरा शे."

"पट्टा कितला बरा शे ते मन्हा खांदाले माहीत शे," भिकुबाई म्हणाली. ताट तसंच ठेवून ती उठली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये वायरिंगची कामं करणाऱ्या बन्सीलालला घेऊन आली.

बन्सीलालने मोटर उघडून पाहिली. "अक्का, मोटर चांगली आहे. ही वायर दिव्याची. मोटर सुरू होताना दिव्याच्या कितीतरी पट वीज ओढते. वायर तापली, वरचं रबर वितळलं आणि उघडी तार मोटरीच्या अंगाला लागली. पॉवरची वेगळी लाइन घ्या, जाड वायरची. आणि तीन पिनांचा प्लग."

"तिसरी पिन कशाला?" भिकुबाईने विचारलं.

"मोटर दोन तारांवर चालते. तिसरी मोटरीच्या अंगापासून जमिनीत जाते. पुन्हा असं झालं तर वीज त्या वाटेनं जाईल आणि फ्यूज उडेल. तो उडू द्यायचा, त्यात जाड तार घालायची नाही."

सुकदेव मान खाली घालून ऐकत होता. वेगळ्या लाइनची परवानगी मिळाली तेव्हा परसात अर्थिंगचा खड्डा त्यानेच खणला. भिकुबाईने त्यात मीठ-कोळसा भरला. बन्सीलालने टेस्टर लावून सगळं तपासलं, तरी सुकदेवने आधी स्वतः मोटरीला हात लावून पाहिला आणि मगच भिकुबाईला आत बोलावलं.

खांदा पुरता बरा झाला नाही, पण हात मोकळे झाले होते. महिनाभर ती नुसती बघत बसली. मग एक दिवस तिने पटाशी मागितली. पहिलं लाटणं एका बाजूला जाड झालं. सुकदेव म्हणाला, चुलीत घाल. तिने ते घरात वापरायला ठेवलं आणि दुसरं लाकूड चढवलं. आखाजीच्या सणापर्यंत तिची लाटणी बाजारात जाऊ लागली. सकाळी खरादीवर सुकदेव असे, दुपारी भिकुबाई.