कार्डासाठी काचेचा डबा

ती यादी मी दोन महिने घोटत होते. प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता, रॅम किती. दिवसभर पप्पांच्या खताच्या दुकानात काउंटरवर बसायचं आणि गिऱ्हाईक नसलं की वहीच्या मागच्या पानावर आकडे खोडून पुन्हा मांडायचे. थोड्या पैशांत गेमिंगचा कॉम्प्युटर बांधायचा तर खरा खर्च ग्राफिक्स कार्डावर करायचा आणि बाकी सगळीकडे चिकटपणा. पडद्यावरचं चित्र ते कार्ड काढतं, हे सगळं ज्यात बसवायचं तो डबा साध्या पत्र्याचा असला तरी चित्राचं काही बिघडत नाही. म्हणून डबा मी सगळ्यात स्वस्त धरला होता. कार्ड मात्र आठ जीबीचंच. त्याच्याखाली उतरायचं नाही, असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पैसे माझे होते. हे सांगायलाच हवं, कारण नंतर घरात सगळे ते सोयीस्कर विसरले. पप्पा मला पगार देत नसत, बाटलीमागे वीस रुपये देत. युरियाबरोबर खपवायच्या, पिकावर फवारायच्या हिरव्या टॉनिकच्या बाटल्या. तीन खरीप मी त्या खपवल्या आणि त्यातला एक रुपया कपड्यालत्त्यावर घातला नाही.

ऑनलाइन मागवते म्हटलं तर पप्पा म्हणाले, "वस्तू बिघडली तर कोणाच्या दारात जायचं? नवीन जालन्यात आपल्या वळखीचा दुकानदार हाय. त्याच्याकडूनच घ्यायचं, न्हाईतर घ्यायचंच न्हाई." ओळखीचा म्हणजे कोण, तर त्यांच्या एका बियाण्याच्या डीलरचा साडू. आमच्याकडे एवढ्या ओळखीवर लग्नं जमतात.

सकाळच्या बसने भोकरदनहून गेलो. पैसे पप्पांच्या खिशात. मुलीने दुकानात नोटा मोजलेलं बरं दिसत नाही म्हणे. दुकानदाराने चहा मागवला, माझ्या हातातून यादी घेतली आणि ती पप्पांना वाचून दाखवली. माझी यादी, मी समोर बसलेली असताना! "शेठ, ताईला गेमच खेळायचेत ना? मंग एवढं भारी कशाला?" मी उत्तर दिलं तर तो पप्पांकडे बघून हसला. मग मुद्द्यावर आला.

"कार्ड हाय. पण एकटं न्हाई देता येत. सोबत हे कॅबिनेट आन् हा पॉवर सप्लाय घ्यावा लागंल. वरूनच तसं येतं, शेठ. माझ्या हातात काई न्हाई."

कॅबिनेट म्हणजे काचेचा डबा, आत चार रंगांचे दिवे, वरातीतल्या बँजोच्या गाडीसारखे. पॉवर सप्लायवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. या दोघांची किंमत धरली की माझ्या पैशांत आठ जीबीचं कार्ड बसत नव्हतं, चार जीबीचं बसत होतं. म्हणजे ज्या कार्डासाठी डबा घ्यायचा, डबा घेतला की तेच कार्ड घेता येत नव्हतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि वर कोंबडीही बदललेली.

मी पप्पांकडे पाहिलं. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेतो. इथे मात्र मान डोलावत बसला होता. "बराबर हाय. वरूनच येतं म्हटल्यावर ह्यांचा तरी काय इलाज?"

माझं टाळकं सटकलं. "पप्पा, हे लिंकिंग हाय!" मी भर दुकानात ओरडले. हा शब्द आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं. हवी ती वस्तू पाहिजे तर नको ती गळ्यात बांधून घ्यायची, याला लिंकिंग म्हणतात. "चला उठा. मला काईच न्हाई पाहिजे."

"गप बस," पप्पा हळूच म्हणाले. "चहा पिलोय आपण त्याचा." आणि खिशातून माझे पैसे काढून त्यांनी मोजायला घेतले. अर्धा कप चहा, तोही कोमट. त्यात माझं आठ जीबीचं कार्ड बुडालं.

बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन मी विचारलं, "तुम्ही एक शब्द का न्हाई बोलले?"

"काय बोलू? मलाबी कंपनी असंच देती. बाटल्यांचे खोके उतरवले न्हाई तर युरियाची पुढची गाडी येत न्हाई. धंदेवाल्यानं दुसऱ्याच्या धंद्यात बोट घालू न्हाई."



कॉम्प्युटर रविवारी जोडला. दिवे झकास लागतात. गेम मात्र अडखळत चालतो, समोरचा शत्रू नीट दिसेपर्यंत मी मेलेली असते. "दिसायला तरी भारी हाय," पप्पा दारातून म्हणाले. मी माउस आपटला.

सोमवारी काउंटरवर बसले तेव्हाही आतून धुमसत होते. त्या दुकानदाराला मनातल्या मनात सात पिढ्यांसकट शिव्या घालणं चालू होतं. तेवढ्यात पिंपळगाव रेणुकाईचे एक काका आले, दरवर्षीचं गिऱ्हाईक. मक्याला दोन गोण्या युरिया पाहिजे होता. माझा हात सवयीने मागच्या फळीकडे गेला आणि मी दोन हिरव्या बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"ह्या कशाला, ताई? मागच्या साली नेल्या त्या तशाच पडल्यात."

"एकटा युरिया न्हाई देता येत, काका. वरूनच तसं येतं. माझ्या हातात काई न्हाई."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं, मी काय बोलले ते. तीन वर्षं रोज हेच बोलत होते. आता काका ओरडतील, असं वाटलं. ओरडा ना, मी मनात म्हटलं, बाटल्या फेका माझ्या अंगावर.

"बराबर हाय," काका म्हणाले, आणि युरियाच्या नोंदीच्या मशीनवर त्यांनी अंगठा टेकवला.

मी बाटल्या त्यांच्या पिशवीत घातल्या. माझे चाळीस रुपये झाले.