सात नंबरचा बिल्ला

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला आमच्या दाराजवळचा पितळी बिल्ला दाखवला आणि आल्प्सच्या धुक्यात ते कसे हरवले होते, ते रंगवून सांगितलं. तुम्ही "वॉव!" म्हणालात. ते ऐकून मला गप्प बसवेना. खरी हकीकत अशी.

ईदची सुट्टी होती. दोह्याच्या उन्हाला कंटाळून आम्ही दोघं आल्प्समध्ये उंचावरच्या एका दगडी घरात मुक्कामाला गेलो होतो. पूर्वी तिथे चांदीच्या खाणीतले कामगार राहायचे, आता डोंगर चढणारे पाहुणे उतरतात. कामगारांचा एक रिवाज मालकीणबाईंनी जपला होता. बाहेर पडताना फळीवरचा आपल्या नंबरचा बिल्ला खिशात घालायचा, परतल्यावर पुन्हा खिळ्याला लावायचा. सगळे बिल्ले लागल्याशिवाय कुणालाच सूप मिळत नसे. शिवाय स्वतःचं खाणं आत आणायला मनाई.

त्या संध्याकाळी सात नंबरचा, म्हणजे आजोबांचा, खिळा रिकामा. बाहेर दाट धुकं. भुकेले पाहुणे आधी खिळ्याकडे, मग माझ्याकडे बघत होते. मालकीणबाई बूट चढवून, टॉर्च घेऊन त्यांना शोधायला निघाल्या.

तेवढ्यात मला लसणाच्या चटणीचा वास आला. मी कुटलेलीच ती, दुसऱ्या कुणाची असणार? बाईंना थांबवून मी मागची लाकडांची खोली उघडली. आजोबा मागच्या दाराने शिरून ओंडक्यावर बसले होते. मांडीवर दशमी, हातात चटणीचा डबा.

"खलास," ते पुटपुटले.

"अहो, तिकडे सगळे उपाशी बसलेत!"

"का? सूप झालं नाही अजून?"

"सूप तुमच्या खिशात आहे!"

मालकीणबाईंनी डबा हिसकावला. आता हाकलतात, असं मला वाटलं. पण त्यांनी बोटभर चटणी चाखली, डोळे पुसले आणि डबा जप्त केला. मग प्रत्येकाच्या सुपात चिमूटभर चटणी पडली.

निघताना त्यांनी तो बिल्ला माझ्याच हातात दिला. "यांना यापुढे तुम्हीच शोधा," म्हणाल्या.

आजोबा हमद पोर्टवरच्या, म्हणजे इथल्या बंदरावरच्या, कामावरून घरी आले की आजही आधी बिल्ला खिळ्याला लावतात, मगच मी ताट वाढते. चटणीचा डबा तिथेच राहिला. बिल्ला आणि नियम मात्र अजून शाबूत आहेत.