यंत्रमानवाची हळद

आमच्या घरात लग्न न ठरताच हळद लागलेला एकच पुरुष आहे, आणि तो प्लास्टिकचा आहे. हळद मीच लावली.

आता मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे गुन्हा किती मोठा ते कळेल. सांगलीच्या मार्केट यार्डात माझं हळदीचं दुकान आहे. तीस वर्षं या धंद्यात आहे. हळकुंड कानाजवळ धरून मोडलं की नुसत्या आवाजावरनं माल कसा वाळलाय ते सांगतो. (बायको म्हणते, तिच्या आवाजावरनं ती चिडलीय एवढंसुद्धा मला कळत नाही. पण तो विषय वेगळा.) उन्हाळ्यात सौदे सुरू झाले की माझ्या कानातनं, खिशातनं, चपलेतनं हळद निघते. आमच्या बैठकीतला पंखा पिवळा आहे. घेतला तेव्हा पांढरा होता.

अशा घरात दीड वर्षापूर्वी सून आली. तेजल. माहेर सातारा, आणि शिकलीय दातांची डॉक्टर. लग्नानंतर तिच्या सामानात चार मोठी खोकी आली. मला वाटलं, व्याह्यांनी भांडी दिली. उघडून बघतो तर नुसत्या प्लास्टिकच्या जाळ्या, आणि त्या जाळ्यांना चिकटलेले बोटभर, नखभर, तीळभर तुकडे!

"हे काय गं पोरी?"

"मेका, आप्पा."

"मका?"

"मका नाही, मेका! माणूस आत बसून चालवतो ना, तसला लढणारा यंत्रमानव. हे तुकडे कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे."

मला सगळं समजलं, फक्त कशासाठी ते समजलं नाही. दुसऱ्या दिवशी यार्डात सांगून बसलो, "आमची सून मक्याचं कायतरी करती बगा." शेजारच्या दुकानदारानं लगेच विचारलं, "क्विंटलला काय भाव निघाला?"

आमच्या मंडळींनी, म्हणजे सुलोचनानं, खोक्यावरचं चित्र बघून एकच हरकत घेतली. "ह्येच्या हातात बंदूक हाय. आपल्यात मुंगी मारत न्हाईत. घरात बंदूक नको."

"मग हातात काय देऊ, आई?"

"कायबी नको. मोकळं राहू दे हात. दमला आसंल बिचारा."

तेजलनं मुकाट्यानं बंदूक खोक्यात परत ठेवली. पोरगी अशीच. वर तोंड करून बोलणं माहीत नाही. आमचे चिरंजीव नोकरीपायी पुण्याला, शनिवार-रविवार येणार. बाकी वारी तेजलचा दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी मागच्या खोलीत मेका.

पहिले दोन महिने मी हसलो. तिसऱ्या महिन्यात खुर्ची घेऊन खोलीच्या दारात बसायला लागलो. आवं, काय ते काम! एकेक तुकडा बारक्या पक्कडीनं जाळीतनं सोडवायचा. कापल्या जागी टोक राहतं, ते पॉलिश पेपरनं घासायचं. मग उजेडात धरून बघायचं, बोट फिरवून बघायचं, आणि परत घासायचं! मी हळकुंडाला एवढं घासलं असतं तर सोनं म्हणून विकलं असतं. एकदा ती यंत्रमानवाचा डोळा रंगवत होती. डोळा तिळाएवढा, ब्रशला केस मोजून तीन. तिनं श्वास रोखला, मीही रोखला. तिचं काम झालं, ब्रश धुऊन झाला, तरी माझा श्वास अडकलेलाच. शेवटी सुलोचनानं पाठीत धपका घातला तेव्हा सुटला.

खरं सांगतो, मला त्या पोरीचा लय अभिमान वाटायला लागला. आमच्या घराण्यात एवढं नेटकं काम कुणी केलेलं नाही. माझ्या दुकानाची पाटीसुद्धा तिरकी आहे.

सात महिन्यांनी यंत्रमानव उभा राहिला. फूटभर उंच, पांढराशुभ्र, सांध्या-सांध्यावर केसासारख्या बारीक रेघा. रविवारी साताऱ्याला छंदवाल्यांचं प्रदर्शन होतं, तिथं तो मांडायचा होता. तेजलनं आजवर आपलं काम कधी चारचौघांत ठेवलं नव्हतं. माहेरची माणसं म्हणायची, "डॉक्टर झाली तरी खेळणी सुटंनात." त्याच गावात, त्याच माणसांसमोर तिला हा ठेवायचा होता. ती बोलली नव्हती, पण खोकं बांधायचा कापूस आठ दिवस आधी आणला होता, त्यावरनं मी ओळखलं.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. "आप्पा, रंगाचा शेवटचा हात मारून मी दवाखान्यात आलेय. संध्याकाळपर्यंत त्या खोलीत धूळ जायला नको."

"काळजी सोड! मी हाय की!" मी म्हणालो.

(तीच तर काळजी होती.)

आम्ही जैन, आम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून मी पाचला दुकान बंद करून घरी आलो. त्या दिवशी सौदे असे तुफान झाले होते की मी चालत नव्हतो, पिवळा ढग चालत होता. हातपाय धुवावेत एवढी अक्कल होती. पण म्हटलं, आधी नुसतं दारातनं बघू. दार उघडलं. खिडकीच्या उजेडात तो असा झळकत उभा, की माझे हातच जोडले गेले. आणि तेवढ्यात एक माशी! गुणगुणत आली, दोन घिरट्या घातल्या आणि थेट त्याच्या ओल्या डोक्यावर उतरायला लागली.

सुनेची सात महिन्यांची मेहनत आणि मी नुसता बघत राहू? मी पुढं झालो, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि जिवाच्या आकांतानं झटकला.

माशी उडाली. माशीबरोबर दिवसभराची हळद उडाली.

ती सगळी हळद वर गेली, जरा थांबली आणि सावकाश खाली बसली. मी बसू नको म्हणत होतो. तरी बसली. डोक्यावर, खांद्यावर, छातीवर, मोकळ्या हातांवर. अगदी पाची सवाष्णींनी निगुतीनं लावावी तशी.

"आवं, काय केलंसा ह्ये!" सुलोचना दारात.

"माशी बसत हुती!"

"माशी बसली आसती तर एक ठिपका पडला आसता! तीस वर्सं हळदीत लोळताय, आन् वल्या रंगापशी टॉवेल झटकताय?"

तेजल आली. तिनं बघितलं. मी श्वास रोखला (ही सवय तिच्यामुळंच लागली). ती हळूच म्हणाली, "चालतंय."

आता बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या भागात 'चालतंय की' आणि 'चालतंय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'की' असला तर खरंच चालतंय, बसा, चहा घ्या. 'की' नसला तर माणूस मनातनं मोडलेला असतो. तेजलचा 'की' नव्हता. ती आत गेली आणि स्वच्छ असलेले ब्रश तासभर धूत बसली.

शुक्रवारी सकाळी ती दवाखान्यात गेली आणि मी चूक दुरुस्त करायचं ठरवलं. पुरुषमाणसानं चूक करावी, पण दुरुस्त करू नये, हे मला या वयात कळलं. बादलीत धुण्याची पावडर घेतली, चांगला फेस केला, मऊ फडक्यानं यंत्रमानवाच्या छातीवर हात फिरवला आणि बघतो तर काय, छाती लाल! पाठ लाल! जितकं घासावं तितकं लालभडक!

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे अख्ख्या महाराष्ट्रात प्रत्येक बाईला माहीत आहे. हळदीच्या व्यापाऱ्याला माहीत नव्हतं. कारण तीस वर्षांत त्यानं स्वतःचा सदरा एकदाही धुतला नव्हता.

सुलोचना आली आणि किंचाळली. "आगं आई गं! रगत कुणाचं?"

"ह्येचं," मी म्हणालो.

"बंदूक काढून घेतली तरी लढून आला व्हय!"

तिनं धावत जाऊन लिंबू आणलं आणि पिळलं. लाल जाऊन परत पिवळा झाला. म्हणजे एका सकाळी तीन लिंबं, अर्धा पुडा पावडर आणि माझी लाज खर्च करून आम्ही बरोबर गुरुवारच्या जागी येऊन पोचलो होतो. दुपारी तेजल आली. यंत्रमानव जवळ घेऊन तिनं वास घेतला.

"लिंबू?"

"व्हय," मी म्हणालो. "मधी जरा लालबी झाला हुता. आता बरा हाय."

"चालतंय." परत 'की' नाहीच! मग पाठमोरी होऊन म्हणाली, "यंदा राहू द्या सातारा. पुढच्या वर्षी बघू."

तिचा आवाज ओला होता. मला ते सहन होईना. मी तिच्यामागं गेलो. "पोरी, मला शिव्या घाल. यार्डात रोज धा जण घालत्यात, मला सवय हाय. पर घाल."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, आप्पा?"

सांगा, आता माणसानं कुठं तोंड लपवायचं? बायको दोघींच्या वाटचं बोलत होती, पण त्यानं समाधान होईना.

शनिवारी सकाळी सुलोचनानंच तोड काढली. "उनात ठिवा. हळदीचा डाग उनानं उडतोय. तुमचं सदरं काय दूध घालून पांढरं करती मी?"

तेजल घाबरली. "एप्रिलचं ऊन आहे, आई. प्लास्टिक तापलं तर वाकेल. उजेड पाहिजे, पण ताप नको."

"मी वारा घालतो," मी म्हणालो.

"दिवसभर?"

"दिवसभर!"

आणि मी घातला. गच्चीवर पाट, पाटावर पांढरा कपडा, त्यावर यंत्रमानव, आणि समोर मांडी घालून हळदीचा व्यापारी, हातात सूप. (टेबलफॅन का नाही लावला? लावला होता. अकराला लाईट गेली.) दर अर्ध्या तासानं त्याची कूस बदलायची, पापडासारखी. त्याच्यावर सावली पडायला नको म्हणून मी छत्रीही घेतली नाही. मुलीच्या लग्नात जावयाला एवढा वारा घातला नव्हता.

पलीकडच्या गच्चीवर शेजारचे बाळूकाका आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"आप्पा, ह्यो कुठला देव म्हनायचा?"

"देव न्हाई, मेका हाय!"

"मका? मग वाळवायला एकच कणीस घेऊन बसलायसा?"

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. समोरच्या गच्चीवरनं एका म्हातारीनं लांबनंच हात जोडले. मी सूप थांबवलं नाही. दोन वाजता पिवळा फिका पडला. तीनला नुसती झाक राहिली. चारला मी डोळे चोळून बघितलं, खाली वाकून बघितलं आणि गच्चीवरनंच ओरडलो, "सुलोचना! पोरीला बोलव! गेली हळद!"

तेजल धावत वर आली. दात बघायचं भिंग डोळ्याला लावून तिनं त्याला सगळीकडनं तपासलं. काखेत एवढीशी झाक होती, तेवढीच. वाकला कुठं नव्हता. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"आप्पा! तुमचं नाक!"

नाकाची साल निघाली होती. सुलोचना म्हणाली, "हळद लावा." मी नको म्हणालो, जन्मात पहिल्यांदा.

रविवारी पहाटेच आम्ही साताऱ्याला निघालो. त्याआधी मला दोन आंघोळी करायला लावल्या आणि पाकिटातनं काढलेला कोरा सदरा दिला. गाडीत खोकं तेजलच्या मांडीवर. "मी धरू का?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा चिरंजीवांसकट तिघंही एकदम "नको" म्हणाले.

प्रदर्शनात आगगाड्या होत्या, जहाजं होती, विमानं होती. पण माणसं थबकत होती ती तेजलच्या टेबलापाशी. मागं तिला हसलेली तिची मावशी यंत्रमानवाच्या डोळ्याला डोळा लावून उभी होती आणि म्हणत होती, "हे हातानं केलंस?" आणि तेजल बोलत होती! मोठ्यानं, हातवारे करून, रंग कसा बसतो, रेघ कशी मारायची. घरात आल्यापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. बक्षीस एका आगगाडीला मिळालं. मिळू दे. मला भरून आलं होतं, नाकही चुरचुरत होतं, सगळं एकदमच.

मग मला टेबलावरची पाटी दिसली. सगळ्या टेबलांवर होती तशीच, छापील: 'कृपया हात लावू नये.' फक्त तेजलच्या पाटीवर, खाली, त्या तीन केसांच्या ब्रशनं, मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ जास्त होती: 'आप्पा, तुम्हीसुद्धा!'

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नीट वाचावं म्हणून जरा पुढं वाकलो.

"आप्पा!" हॉलच्या त्या टोकाकडनं तेजल कडाडली. "मागं व्हा! अजून मागं!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. भरल्या सभेत सुनेनं सासऱ्याला झापलं होतं. आणि सासरा तीन पावलं मागं सरून, साल निघालेलं नाक वर करून, भेटेल त्याला सांगत सुटला होता, "ऐकलंसा न्हवं? मला! मला म्हनाली ती!"