पुढे बांधायच्या नाड्या

जुन्या सुती साडीवर इस्त्री फिरली की एक ऊबदार वास येतो. तो आला आणि टोकरखाडा वस्तीतल्या आमच्या शिवणाच्या खोलीतून मी मनानं थेट मुलांच्या दवाखान्यात जाऊन पोचले.

माझी गौरी तेव्हा चार वर्षांची होती. उकळत्या डाळीनं तिची छाती आणि खांदा भाजला होता. कपडा नुसता दिसला तरी ती किंचाळायची. एके दुपारी एक अनोळखी बाई आली. तिच्या सोबतच्या मुलीच्या मानेवर भाजल्याचे जुने व्रण होते. "बेन, हाथ ऊपर नहीं करना पडेगा," म्हणत तिनं जुन्या साडीचं झबलं उलगडलं. डोक्यातून घालायचं नाही, मागे नुसत्या नाड्या बांधायच्या. गौरीनं स्वतःहून अंग पुढे केलं.

आता आम्ही भाजलेल्या मुलांच्या आया तशीच झबली शिवून त्याच दवाखान्यात देतो. आज कॉलेजातून आलेल्या गौरीनं त्यातलं एक उचललं.

"आई, नाड्या पुढे लाव ना. मागची गाठ झोपल्यावर टोचते."

"तुला टोचायची? मग बोलली का नाहीस?"

"तू झबलं काढून घेतलं असतंस."

मी सगळ्या नाड्या उसवायला घेतल्या. सुई गौरीनंच ओवून दिली.