जपानच्या बाकावर राहिलेलं इष्टलिंग

मुलांनो, त्या दिवशी मी देवावर, तुमच्या आजोबांवर आणि स्वतःवर अशी चिडले होते की आज लिहितानाही कान तापतात. तुमच्या मामाकडे जपानला गेलो होतो तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या गावाचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक आणि फुलांचा वाफा. तिथे मास्तर नाही की तिकीट देणारा नाही.

पूजेशिवाय मी पाणीही पीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लवकर निघाल्यामुळे पूजा राहिली होती, म्हणून त्या बाकावर बसूनच आपण लिंगायत गळ्यात बांधतो ते इष्टलिंग काढून डाव्या तळव्यावर घेतलं. पूजा संपत आली आणि एका डब्याची गाडी आली.

"ऊठ की गं! दोन तास दुसरी गाडी न्हाई," म्हणत आजोबांनी माझा हात ओढला. मी लिंग रुमालावर टेकवलं, पिशवी उचलली आणि चढले. गाडी सुटल्यावर हात गळ्याकडे गेला. घरातल्या चमच्यांचीही जागा ठरवणारी मी, आणि लहानपणी दीक्षेत मिळालेलं लिंग बाकावर विसरले!

"तुमच्या घाईनं झालं हे!" मी डब्यातच ओरडले.

"म्या हात वडला. देव ठिवून ये म्हनलो का?"

पुढच्या स्टेशनावर उतरलो, तर तेही बिनमाणसाचं. आपल्या गावी भालकीच्या स्टेशनात असते तर मास्तरला धारेवर धरलं असतं. इथे मी रिकाम्या फलाटाशीच भांडत होते.

"कामून वरडायलीस? ऐकायला कोन हाय हितं?"

"तो तरी कुठं ऐकतोय?" मी आभाळाकडे बोट दाखवलं. लिंग गेलं की जगणं ओसाड, असं आईनं शिकवलेलं. परतीच्या गाडीला दोन तास होते, तोवर मी पाण्याला शिवले नाही.

परत आलो, तर बाक रिकामा. रुमालही नाही. मी बाकाखाली वाकून पाहिलं. तेव्हा वाफ्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी दिसली. सकाळी ती तिथेच तण काढत होती. मी तिला माणसांत मोजलंच नव्हतं. तिचा डावा हात छातीसमोर होता, तळव्यावर माझा रुमाल आणि रुमालावर लिंग. सकाळी मी जसं धरलं होतं, अगदी तसं. ते खाली ठेवलेलं चालतं का, हे विचारायला तिलाही कुणी नव्हतं. म्हणून तिनं ठेवलंच नाही. अर्ध्या वाफ्यातलं तण तसंच उभं होतं.

लिंग घेतलं, तर तिची बोटं सरळ होईनात. मी ती हातात घेऊन चोळत राहिले, रडत राहिले. आजोबांनी हात जोडले. "अक्का, लई उपकार झाले," ते आपल्याच बोलीत म्हणाले. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला.

तिला तिथे कुणी बसवलं, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की इतकी वर्षं मी देवाला सांभाळते या गुर्मीत होते. आजोबांवरचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. रोज पूजेत आधी त्या बाईचं भलं मागते, मग तो राग देवापुढे ठेवते. कधी तो तिथेच राहतो, कधी मीच परत उचलून आणते.